शाबासकी नावानिशी द्यावी

मराठी कुटुंबांना क्रूझची सहल आता नवलाईची राहिलेली नाही. सिंगापूर, अलास्का, भूमध्य समुद्र ही नावे पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत बरीच वर्षे आहेत. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीपकडे निघू लागले आणि परदेशी न जाताही समुद्रावर सुटी घालवता येऊ लागली. या सहलींहून परतलेला माणूस जहाजाच्या झगमगाटाइतकेच तिथल्या माणसांविषयी बोलतो. खोली रोज लख्ख ठेवणारा, दुसऱ्याच दिवशी नावाने हाक मारणारा, घरातल्या कुणाला तिखट चालत नाही हे न सांगता लक्षात ठेवणारा कुणीतरी त्याला भेटलेला असतो. पण ही तारीफ बहुधा आपल्या दिवाणखान्यात होते. ज्याच्याविषयी ती असते त्याच्यापर्यंत, आणि त्याच्या कामाचा हिशेब ठेवणाऱ्यांपर्यंत, ती पोचत नाही. जहाजावरच्या कष्टकऱ्यांची खरी कदर दोन गोष्टींनी होते. त्यांच्या कमाईचा जो वाटा प्रवाशाच्या हातून जातो तो न कापता द्यावा, आणि चांगले काम नावानिशी लेखी नोंदवावे. पहिल्याने त्यांचे घर चालते, दुसऱ्याने त्यांची नोकरी पुढे सरकते. एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही, आणि जिला एक पैसाही लागत नाही ती दुसरी गोष्टच सर्वांत जास्त राहून जाते.

या कष्टांचे मोजमाप आधी समजून घेतले पाहिजे. २०२४ मध्ये प्रवाशांच्या सेवेत आलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर जास्तीत जास्त सुमारे ७,६०० प्रवासी आणि सुमारे २,३५० कर्मचारी मावतात. म्हणजे ते समुद्रावर चालणारे एक तालुक्याचे गाव आहे, आणि त्याचे पाणी, वीज, स्वयंपाक, धुणे, सफाई, दवाखाना, पहारा सगळे आतूनच चालवावे लागते. डेक आणि इंजिन हे जहाज चालवणारे विभाग. राहिलेला, संख्येने सर्वांत मोठा, विभाग हॉटेलचा असतो. त्यात केबिन आवरणाऱ्यापासून भटारखान्यात भांडी घासणाऱ्यापर्यंत सारे येतात. हॉटेल विभागातल्या बहुतेकांचा करार सहा ते नऊ महिन्यांचा असतो. या काळात आठवड्याची सुटी नसते. सुटी मिळते ती करार संपून घरी गेल्यावर. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २००६ चा सागरी श्रम करार २०१३ मध्ये अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने तो स्वीकारला. त्यानुसार कामाची कमाल मर्यादा चोवीस तासांत १४ तास आणि सात दिवसांत ७२ तास अशी आहे. आपल्याकडे कारखान्यातल्या कामाला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. जमिनीवरच्या कामगाराच्या दीडपट तास, तेही महिनोन् महिने सलग, जहाजावर कायद्याच्या चौकटीत बसतात. प्रवासी उतरतात आणि त्याच दिवशी नवे चढतात, तो दिवस तर सर्वांत जड असतो. सकाळी रिकाम्या झालेल्या हजारो खोल्या दुपारपर्यंत नव्या पाहुण्यांसाठी तयार कराव्या लागतात.

या माणसांच्या कामाला आणखी एक बाजू आहे, आणि ती सुटीच्या आनंदात सहज विसरली जाते. ताट आणून देणारा वेटर, केबिन आवरणारी मुलगी, रात्री गाणारा गायक या प्रत्येकाला सुरक्षेचे मूलभूत प्रशिक्षण घ्यावे लागते आणि संकटाच्या वेळी प्रत्येकाची जागा ठरलेली असते. ४ ऑगस्ट १९९१ रोजी ‘ओशनॉस’ हे प्रवासी जहाज दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाले. कप्तान प्रवाशांच्या आधी निघून गेला. तेव्हा रेडिओवर मदत मागण्याचे आणि लोकांना हेलिकॉप्टरपर्यंत पोचवण्याचे काम मॉस हिल्स हा गिटारवादक आणि त्याचे मनोरंजन विभागातले सहकारी करत होते. जहाजावरचे सर्व ५७१ जण वाचले. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याला ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडले आणि ३२ जण गेले. त्यांत मुंबईचा एक तरुण वेटर होता. प्रवाशांना बोटींत बसायला मदत करताना तो शेवटचा दिसला. त्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, सापडले. त्यामुळे प्रवासाच्या सुरुवातीला होणाऱ्या सुरक्षेच्या कवायतीला वेळेवर आणि गंभीरपणे हजर राहणे ही या माणसांना द्यायची पहिली दाद आहे. ते आपल्या जिवाची जबाबदारी घेतात. आपण निदान ती जबाबदारी त्यांना नीट पार पाडू द्यावी.

आता पैशाचा प्रश्न. मोठी क्रूझ जहाजे बहुधा बहामा, पनामा, बर्म्युडा किंवा माल्टा यांच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात. कंपनीचे मुख्यालय मायामीत आणि प्रवासी अमेरिकी असले तरी अमेरिकेचा किमान वेतन कायदा त्या जहाजावरच्या भारतीय किंवा फिलिपिनो कामगाराला लागू होत नाही. परकी झेंड्याच्या जहाजांवरील परकी कामगारांना अमेरिकेचा कामगार संघटनांविषयीचा कायदा लागू नाही, असा निर्णय तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्येच दिला. अशा व्यवस्थेत वेटर आणि केबिन आवरणारे यांचा मूळ पगार लहान ठेवला जातो आणि उरलेली कमाई प्रवाशांच्या पैशांतून येते. पूर्वी हे पैसे शेवटच्या रात्री पाकिटांतून दिले जात. आता अमेरिकी कंपन्या दर माणशी, दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर ग्रॅच्युइटी म्हणून प्रवाशाच्या जहाजावरील खात्यात आपोआप टाकतात. निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या आपल्याकडच्या ग्रॅच्युइटीशी हिचा संबंध नाही. ही टिपच आहे, फक्त एकत्र गोळा करून वाटलेली. ती जेवणघरातले वेटर, त्यांचे मदतनीस आणि केबिन आवरणारे यांच्यात वाटली जातेच, शिवाय बऱ्याच कंपन्यांत तिचा काही भाग पडद्यामागच्या हॉटेल कामगारांकडेही जातो.

चौघांचे कुटुंब सात दिवसांसाठी गेले आणि दर १८ डॉलर धरला तर ही रक्कम ५०४ डॉलर होते. रुपयांत हा आकडा चाळीस हजारांच्या वर जातो, तेव्हा अनेकांना तो बोचतो. अनेक जहाजांवर स्वागतकक्षात जाऊन ती कमी करून घेण्याची किंवा काढून टाकण्याची सोय असते, आणि सहलीच्या गप्पांत ही ‘युक्ती’ सांगितलीही जाते. हा पैसा वाचवून ज्याने खरेच काम केले त्याच्या हातात रोख देऊ, असाही विचार असतो. त्यामागचा हेतू चांगला असला तरी त्यातून दोन अडचणी निर्माण होतात. पहिली म्हणजे, हातात दिलेली रोख फक्त समोर दिसणाऱ्याला मिळते. चादरी धुणारा, पहाटे तीनला पाव भाजणारा, रात्री जिने पुसणारा यातून वगळला जातो. दुसरी, ग्रॅच्युइटी काढलेल्या प्रवाशाकडून मिळालेली रोख सामाईक निधीत जमा करावी, असा काही कंपन्यांचा नियमच असतो. म्हणजे आपण ज्याला खास म्हणून दिले त्याच्याकडेही ते पूर्ण राहत नाही. म्हणून ही रक्कम सहलीच्या खर्चातच धरावी. पर्यटन कंपनीमार्फत जाताना टिप्स पॅकेजमध्ये आहेत की नाहीत, हे पैसे भरण्याआधी विचारून घ्यावे. परवडत नसेल तर दोन दिवस कमीची सहल घ्यावी, पण दुसऱ्याच्या मजुरीत आपली बचत शोधू नये.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. कामगाराला पगार देणे हे मालकाचे काम. प्रवाशाने टिप देत राहिल्याने कंपनीला कमी पगार देण्याची मुभा मिळते आणि ही वाईट पद्धत टिकून राहते. या आक्षेपात तथ्य आहे. दुसरा मार्ग शक्य आहे, हेही दिसले आहे. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने मे २०१९ पासून रोजची टिप बंद करून तो खर्च तिकिटातच धरला. सर्व कंपन्यांनी तसे करावे, आणि प्रवाशाने तिकीट घेताना अशा कंपन्यांना पसंती द्यावी, असे मला ठामपणे वाटते. पण जहाजावर चढल्यानंतर टिप कापल्याने कंपनीच्या धोरणाला धक्का लागत नाही. तिकिटाचे पैसे कंपनीला आधीच मिळालेले असतात. नुकसान होते ते फक्त त्या आठवड्यात ती खोली आवरणाऱ्या माणसाचे. पद्धतीविरुद्धचा निषेध पद्धत ठरवणाऱ्याला टोचला पाहिजे. तिकीट कुणाचे घ्यायचे ही निवड, कंपनीला लिहिलेले पत्र, कामगार संघटनांच्या मागण्यांना पाठिंबा, ही त्याची साधने आहेत. सर्वांत कमी पगार घेणाऱ्याच्या खिशातून केलेला निषेध न्यायाचा ठरत नाही.

वाटा पूर्ण दिला म्हणजे कदर झाली का? नाही, कारण टिप चांगल्या कामाची पारख म्हणून फार कच्ची आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे मायकल लिन यांनी टिप देण्यामागच्या कारणांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. मायकल मॅकॉल यांच्यासह २००० मध्ये त्यांनी रेस्तराँमधल्या अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा घेतला. सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध त्यांना आढळला, पण अगदी क्षीण. टिपांमधल्या फरकापैकी दोन टक्केही फरक सेवेच्या दर्जाने समजावता येत नाही. टिप मुख्यतः देणाऱ्याच्या सवयीवर आणि बिलाच्या आकड्यावर ठरते. लिन आणि सहकाऱ्यांच्या नंतरच्या एका अभ्यासात, सेवा सारखीच असताना कृष्णवर्णीय वेटरांना गोऱ्या वेटरांपेक्षा कमी टिप मिळाल्याचेही दिसले. तेव्हा रोख रकमेवरून चांगला कामगार ओळखता येईल ही समजूत सोडून द्यावी लागते. कुणाला खुशीने वरचे पैसे द्यायचे असतील तर जरूर द्यावेत. ते जहाजावर चालणाऱ्या चलनातल्या नोटांत असावेत, कारण परक्या नाण्यांचे त्याला पुढे काहीच करता येत नाही. पण ती आपली खुशी आहे. त्याचे काम कुठेतरी नोंदवले जाण्यासाठी वेगळे काहीतरी करावे लागते.

ते वेगळे म्हणजे लेखी शब्द. जहाजावरचा करार संपला की पुढचा करार मिळणे, मदतनीस वेटरचा वेटर होणे, वेटरचा हेड वेटर होणे हे सारे वरिष्ठांच्या अहवालांवर अवलंबून असते, आणि त्यांत प्रवाशांच्या अभिप्रायांना चांगले वजन असते. सहल संपल्यावर कंपन्या ई-मेलने प्रश्नावली पाठवतात. जहाजावर अभिप्रायाची कार्डे असतात, काही कंपन्यांच्या ॲपवर कर्मचाऱ्याचे नाव घेऊन दाद देण्याची सोय असते. याखेरीज स्वागतकक्षात हॉटेल डायरेक्टरच्या नावे साधी चिठ्ठीही देता येते. ‘सगळा स्टाफ छान होता’ हे वाक्य या यंत्रणेत कुणाच्याच खात्यावर जमा होत नाही. कर्मचाऱ्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि बहुधा देश लिहिलेला असतो. ते नाव, त्याचे काम, डेक किंवा जेवणघर, आणि त्याने नेमके काय केले, एवढे लिहिले की ते वाक्य नोंद होते. आईला गुडघ्यांमुळे चालता येत नव्हते, तेव्हा अमुक वेटरने रोज दाराजवळचे टेबल राखून ठेवले. मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे कळल्यावर अमुक मदतनीसाने प्रत्येक पदार्थ भटारखान्यात विचारून आणला, अशी ही वाक्ये असावीत. नावे शेवटच्या दिवशी आठवत नाहीत, म्हणून ती पहिल्यापासून फोनमध्ये टिपून ठेवावीत. आणि चिठ्ठी जहाज सोडण्याआधी द्यावी, म्हणजे ती वरिष्ठांच्या हाती पडते तेव्हा तो माणूस अजून त्याच जहाजावर असतो.

दोन ओळींच्या कौतुकाने काय होणार, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचाही अभ्यास झाला आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला सांगितली आणि ती मिळणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाज विचारला. लिहिणाऱ्यांना वाटले त्यापेक्षा वाचणाऱ्यांना कितीतरी जास्त आनंद झाला, आणि लिहिणाऱ्यांनी जेवढी धरली होती तेवढी अवघडलेपणाची भावना वाचणाऱ्यांना आलीच नाही. आपण आभार मानायचे टाळतो ते बरेचदा या चुकीच्या अंदाजामुळे. जहाजावर याला जास्त अर्थ आहे. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून दाखवले, की सेवेच्या व्यवसायात हसतमुख राहणे हेही श्रमच असतात. स्वतःच्या मनःस्थितीला आवर घालून दुसऱ्याला बरे वाटेल असे वागणे माणसाला थकवते. विमानातली पाळी काही तासांत संपते. जहाजावर हे सात-आठ महिने चालते, आणि घरी आजारपण असो की सण, चेहरा तोच ठेवावा लागतो. हे श्रम कुणीतरी पाहिले आहेत, एवढे कळणेही त्या माणसाला आधार देते.

लेखी अभिप्रायावरही एक आक्षेप येतो: नावे त्यांचीच लिहिली जाणार जे दिसतात, इंग्रजी चांगले बोलतात, गमतीजमती करतात, मुखदुर्बळ माणूस इथेही मागेच राहणार. हा धोका खरा आहे, पण त्यावर उपाय आपल्या हातात आहे. प्रशंसा वागण्याच्या गोडव्याची न करता कामाची करावी. खोली रोज त्याच वेळी, तितकीच स्वच्छ मिळाली, हे न बोलणाऱ्या माणसाचे मोठे यश आहे. जे दिसतच नाहीत त्यांच्यासाठी विभागाचे नाव लिहावे. धुलाईघर, बेकरी, इंजिनरूम यांच्या नावाने आलेली चिठ्ठी तिथल्या प्रमुखापर्यंत जाऊ शकते. इंजिन विभागाला तर टिपेतला वाटाही बहुधा नसतो, त्यामुळे त्यांच्यासाठी हाच एक मार्ग उरतो. गुणांच्या आकड्यांबाबतही सावध राहावे. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या क्रूझ कंपनीने कर्मचाऱ्यांचा बोनस प्रवाशांच्या समाधानाच्या टक्केवारीशी जोडल्यावर वृत्तपत्रांतून टीका झाली होती. अशा व्यवस्थेत ‘दहापैकी आठ म्हणजे चांगले’ ही आपली शाळेतली सवय एखाद्याला महाग पडू शकते. याचा अर्थ खोटे गुण द्यावेत असा नाही. खोलीतला नळ गळत असेल, रांग लांब असेल, तर तक्रार त्याच दिवशी त्या विभागाकडे करावी आणि प्रश्नावलीत व्यवस्थेच्या रकान्यात लिहावी. त्या दोषाची शिक्षा ताट आणणाऱ्याच्या गुणांतून होऊ नये.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकाला हा विषय परका नाही. रत्नागिरीचे खलाशी आणि गोव्याचे तारवटी ब्रिटिश काळापासून परदेशी आगबोटींवर राबले. गोव्यातल्या गावांनी मुंबईत धोबीतलावाच्या परिसरात चालवलेल्या ‘कुडां’मध्ये बोट मिळेपर्यंत हे तारवटी राहत. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत ‘मरेला डिस्कव्हरी’ या क्रूझ जहाजावरचे जवळजवळ दीडशे भारतीय कर्मचारी दीर्घ प्रतीक्षेनंतर मुंबई बंदरात उतरू शकले, तेव्हा या नोकरीची किंमत काय असते हे अनेक घरांनी पुन्हा अनुभवले. सागरी श्रम करारानुसार नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. तरी बेकायदा दलाली घेणाऱ्यांच्या जाळ्यात तरुण अडकतात आणि पहिला करार कर्ज फेडण्यातच जातो. अशा जहाजावर आपल्या भाषेतला कुणी भेटला की मराठी प्रवाशाला आनंद होतो. तो आनंद चार शब्द बोलून जरूर व्यक्त करावा. पण त्या ओळखीवर नियमाबाहेरची मागणी करू नये. रात्री उशिरा वेगळे जेवण, बंद झालेला काउंटर, फुकटची वाढीव सोय यांचा जाब शेवटी त्यालाच द्यावा लागतो. घरून नेलेला फराळ देण्याआधी तो घेणे त्याला चालते का, हे विचारावे. फोटो काढून समाजमाध्यमावर टाकण्याआधीही त्याची परवानगी घ्यावी.

या सगळ्याला फार मोठी यंत्रणा लागत नाही. मराठी पर्यटन कंपन्यांचे टूर मॅनेजर चाळीस-पन्नास जणांचा गट घेऊन जातात. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी गटाला एकत्र बसवून कार्डे वाटावीत, प्रत्येकाने निदान दोन नावे आणि दोन नेमकी कामे लिहावीत, आणि गठ्ठा हॉटेल डायरेक्टरकडे द्यावा. इंग्रजी न येणाऱ्या आजोबांचे म्हणणे नातवाने लिहून द्यावे. एका गटातून शंभर नोंदी झाल्या, तर त्यांतल्या काही तरी कुणाच्या पुढच्या कराराच्या, कुणाच्या बढतीच्या वेळी फायलीत असतील. वेतन न्याय्य करणे ही कंपन्यांची आणि सरकारांची जबाबदारी आहे, आणि ती मागत राहिलेच पाहिजे. पण चांगल्या कामाची साक्ष देऊ शकणारा माणूस फक्त ते काम ज्याच्यासाठी झाले तोच असतो. आपण ती साक्ष दिली नाही, तर आपल्या वतीने ती दुसरे कुणी देणार नाही.